मधुमेहाची चाहूल घेणारं सोनं

नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ साली ‘ड्रीम ट्रस्ट’ सुरू केला आणि गरीब घरांतल्या टाइप १ मधुमेही मुलांना मोफत इन्सुलिन मिळू लागलं. या मुलांची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरच उलटलेली असते. त्या हल्ल्याची खूण असलेली प्रतिपिंडं रक्तातली साखर वाढण्याच्या आधीच, कित्येकदा काही वर्षं आधी, रक्तात उतरतात. ती प्रकाशाने हेरणाऱ्या उपकरणाचं कूळ मात्र वैद्यकात नाही.

१९०२ साली अमेरिकेत रॉबर्ट वुड यांना धातूवरच्या बारीक रेघांच्या जाळीवरून परतणाऱ्या प्रकाशात अनपेक्षित काळे पट्टे दिसले. त्यांचं कारण त्यांना उलगडलं नाही. १९६८ साली जर्मनीत ओटो आणि क्रेचमन यांनी लोलक वापरून तोच परिणाम हुकमी घडवून दाखवला. क्रेचमन यांच्या रीतीत लोलकावर धातूचा अतिशय पातळ थर असतो. ठरावीक कोनातून आलेला प्रकाश परत फिरत नाही, धातूतल्या इलेक्ट्रॉनांना हेलकावे देण्यातच खर्ची पडतो. थराला काही चिकटलं, अगदी रेणूंचा एक पापुद्रा जरी, तरी तो कोन सरकतो. या संवेदनशीलतेचं मला अजून नवल वाटतं. १९८३ साली स्वीडनमध्ये लीडबर्ग आणि सहकाऱ्यांनी हे सरकणं मोजून प्रतिपिंडं टिपली. पुढे या कामासाठी सोन्याचा थर रुळला.

वैद्यकाची वाट वेगळी होती. १९७४ साली लंडनमध्ये बोटात्सो, फ्लोरिन-क्रिस्टेन्सेन आणि डोनियाक यांना मधुमेहींच्या रक्तात स्वादुपिंडाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. ती मोजायला पुढे किरणोत्सारी द्रव्यं वापरावी लागत, म्हणून चाचणी मोठ्या प्रयोगशाळांतच अडकली.

या दोन वाटा २०१४ साली स्टॅनफर्डमध्ये ठळकपणे एकत्र आल्या. काचेवर सोन्याची सूक्ष्म बेटं, त्यांच्यावर मधुमेहाच्या प्रतिपिंडांना पकडणारी प्रथिनं आणि चमकणारा रंग. सोन्यातल्या त्याच हेलकाव्यांमुळे रंगाची चमक कितीतरी पटींनी वाढते आणि बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तावर काम भागतं.

२०२२ साली अमेरिकेत मंजूर झालेलं टेप्लिझुमॅब हे औषध आजाराची लक्षणं सुमारे दोन वर्षं पुढे ढकलू शकतं, पण त्यासाठी प्रतिपिंडं आधी सापडायला हवीत. घरात एकाला हा आजार असेल तर भावंडांना धोका बराच जास्त. विदर्भात अशी काच आली, तर पहिली तपासणी या भावंडांची व्हावी असं मला मनापासून वाटतं.