तळेगावहून सुट्टीत गाडीने कुठे जायचं? बर्फ, घाट आणि कोंडीचं गणित

डिसेंबरची थंडी वाढली की एक रील हमखास फिरायला लागतं. महाबळेश्वरचा वेण्णा लेक, गाडीच्या टपावर पांढरा थर आणि वर ठळक अक्षरांत 'महाराष्ट्रात बर्फवृष्टी'. ते फॅमिली ग्रुपवर येतं आणि लगेच कुणीतरी विचारतं, नाताळच्या सुट्टीत मुलांना बर्फ दाखवायला जाऊया का? गाडीनेच तर जायचंय.

उत्तर आधी देऊन टाकू. महाबळेश्वरला बर्फ पडत नाही. रीलमध्ये दिसतात ते हिमकण, म्हणजे गोठलेलं दव. आकाश निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला की रात्री जमीन, गवत, गाडीचा पत्रा आपली उष्णता झपाट्याने सोडतात आणि आसपासच्या हवेपेक्षाही गार होतात. थंड हवा जड असते. ती उतारावरून घरंगळत सखल भागात साठते, म्हणून वेण्णा लेक आणि लिंगमळ्याच्या पट्ट्यात हे दृश्य दिसतं आणि बाजारपेठेत दिसत नाही. ऊन चढलं की सगळं वितळून जातं. म्हणजे ते पाहायचं तर मुक्काम तिथेच हवा, पहाटे उठायला हवं आणि नशीबही हवं. बर्फाचा गोळा करून एकमेकांना मारण्याइतकं तर ते कधीच नसतं.

मग खरा बर्फ कुठे?

स्कीइंगसाठी भारतात मुख्यतः तीन नावं घेतली जातात: काश्मीरमधलं गुलमर्ग, उत्तराखंडमधलं औली आणि हिमाचलमधली मनालीजवळची सोलंग व्हॅली. अंतर सोडा, अडचण कॅलेंडरची आहे. भरवशाचा बर्फ जानेवारी-फेब्रुवारीत असतो आणि तेव्हा आपल्याकडे शाळा ऐन भरात, दहावी-बारावीचं घर असेल तर विषयच संपला. राज्य मंडळाच्या शाळांच्या मोठ्या सुट्ट्या दोनच, दिवाळी आणि मे. दिवाळीत स्कीचे उतार बहुधा कोरडे असतात. मेमध्ये बर्फ शोधत रोहतांगसारख्या जवळपास ४,००० मीटर उंचीच्या खिंडीपर्यंत चढावं लागतं.

आता अंतराचं. तळेगावहून गुलमर्ग रस्त्याने २,००० किमीहून जास्त आहे. मुलांना घेऊन दिवसाला ५०० किमी रेटले तरी जायला चार दिवसांहून जास्त आणि यायलाही तितकेच. ही सहल विमानाची किंवा रेल्वेची. गाडीने तिचा हट्ट धरू नये.

पाच-सात वर्षांच्या मुलांची बर्फात लोळायची हौसच भागवायची असेल, तर खोपोलीजवळ इमॅजिकाचं स्नो पार्क आहे. बंद दालनात शून्याखालचं तापमान राखून तिथे बर्फ केलेला असतो. तळेगावहून साधारण ५० ते ५५ किमी. वेळा आणि तिकिटं आदल्या दिवशी त्यांच्या अधिकृत साइटवर बघा, मुलांना पायमोजे आणि कानटोपी सोबत घ्या. एका दिवसात जाऊन परत.

तळेगावकरांचा फायदा, जो नकाशात दिसत नाही

सुट्टीत ठिकाण निवडताना बहुतेक जण 'काय बघायचं' इथून सुरुवात करतात. माझ्या मते आधी दिशा ठरवावी. तळेगाव दाभाडे मुंबई आणि पुण्याच्या मधे आहे. त्यामुळे कोणत्या दिवशी गर्दी कुठून कुठे वाहते, हे पाहून तिच्या उलट्या बाजूला निघता येतं. ही सोय कोथरूडला नाही आणि ठाण्यालाही नाही.

एक्सप्रेसवेचंच घ्या. जोडून आलेल्या सुट्टीच्या पहिल्या सकाळी खंडाळ्याच्या घाटात जाम होते ती मुंबईहून वर चढणारी मार्गिका. (अमृतांजन पूल २०२० साली पाडला, पण कोंडीच्या बातमीत त्याचं नाव अजून शाबूत आहे.) त्याच वेळी तुम्ही तळेगावहून खाली खोपोली, कर्जत, नेरळकडे उतरत असता, म्हणजे समोरच्या बाजूने. शेवटच्या संध्याकाळी मुंबईकर खाली उतरतात, तेव्हा तुम्ही वर चढत असता. कोकणातून परतणारे पुणेकर वाटेत भेटतात, त्यामुळे रस्ता अगदी रिकामा मिळेल असं नाही. पण दोन शहरांचा लोंढा एकाच मार्गिकेत अंगावर येत नाही. खोपोली ते कुसगाव हा सुमारे १३ किमीचा 'मिसिंग लिंक' याच घाटाला बगल देण्यासाठी आखलेला आहे. घाटात मोटारींना ताशी ६० ची मर्यादा आहे आणि कॅमेरे आहेत, एवढं उतारावर लक्षात असू द्या.

या दिशेचं चांगलं ठिकाण म्हणजे माथेरान. उंची साधारण ८०० मीटर, म्हणजे हवा महाबळेश्वरइतकी गार नाही. पण गावात मोटारींना बंदी आहे आणि लहान मुलं असलेल्या घराला याचं मोल कळतं, कारण लाल मातीच्या रस्त्यावर मूल हात सोडून पळालं तरी छातीत धस्स होत नाही. गाडी दस्तुरी नाक्याला लावायची, तिथून चालत, घोड्याने, ई-रिक्षाने किंवा अमन लॉजहून मिनी ट्रेनच्या शटलने गावात. अडचण पार्किंगची. सुट्टीत दस्तुरीची जागा सकाळीच भरते आणि मग नेरळच्या घाटात रांग लागते. तळेगावहून पहाटे निघालात तर मुंबईच्या गाड्यांच्या आधी पोचाल, नऊला निघालात तर त्यांच्या मागे उभे राहाल.

महाबळेश्वर: जायचंच असेल तर

तळेगावहून महाबळेश्वर साधारण १५० किमी. एरवी चारेक तासांचा रस्ता, पण वाटेत तीन चाळण्या आहेत. पहिली किवळे ते नवले पूल, जिथे मुंबईची, पिंपरी-चिंचवडची आणि पुण्याची वाहनं एकत्र येतात. दुसरी खंबाटकी घाट. तिसरी वाईनंतरचा पसरणी घाट, आणि त्यापुढे पाचगणीपासून वेण्णा लेकपर्यंतची मुंगीची चाल. इथे तुम्ही गर्दीच्या उलट नाही, गर्दीतच असता. जोडसुट्टीत वेळ किमान दीडपट धरा आणि पहाटे पाचच्या आत घर सोडा.

तरीही जावं असं ठिकाण आहे, यात वाद नाही. फक्त मुक्काम महाबळेश्वरच्या बाजारपेठेतच हवा हा आग्रह सोडा. पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधलं भिलार हे २०१७ पासून 'पुस्तकांचं गाव' आहे. घराघरांत, देवळात, शाळेत मराठी पुस्तकं ठेवलेली आहेत, बसून वाचता येतात. हिवाळ्यात आजूबाजूला स्ट्रॉबेरीची शेतं असतात. ज्यांना घाटच नको त्यांनी पायथ्याला वाईत राहावं: कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा. पॉइंट बघायचे तर सकाळी लवकर वर जाऊन दुपारी खाली यायचं.

पसरणीत मुलं ओकतात, हे घराघरांत ठाऊक आहे. डोळ्यांना गाडीच्या आतलं स्थिर दृश्य दिसत असतं आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगत असतो की आपण हलतोय. मेंदूचा या दोन निरोपांत गोंधळ उडतो. मोबाइलवर कार्टून लावून दिलं की हा गोंधळ वाढतो. घाट सुरू व्हायच्या आधी मोबाइल काढून घ्या, मुलाला समोरचा रस्ता दिसेल असं बसवा, काच थोडी उघडा. पोट पूर्ण रिकामं नको आणि वडापावने भरलेलंही नको.

चाकणचा रस्ता: दिवाळीत एक, नाताळात दुसरा

उत्तरेला जायचं तर तळेगाव-चाकण रस्ता लागतो. कंटेनर आणि कंपन्यांच्या बसमुळे या वीसेक किलोमीटरला कधी कधी तासाहून जास्त लागतो, ते इथल्या कुणालाही सांगायला नको. पण हा रस्ता गजबजतो तो कारखान्यांमुळे. दिवाळीत कंपन्या बंद झाल्या की अवजड वाहनं कमी होतात आणि हाच रस्ता बराच मोकळा मिळतो. नाताळात शाळांना सुट्टी असली तरी कंपन्या चालूच असतात, त्यामुळे तेव्हा शिफ्ट सुटायच्या वेळा टाळून निघावं.

म्हणून दिवाळीसाठी मी जुन्नर सुचवेन. सुमारे ८० किमी. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट असं सगळं एका तालुक्यात आहे आणि २०१८ मध्ये राज्याने त्याला पर्यटन तालुका म्हणून जाहीरही केलं. दिवाळीत पावसाळ्याचा हिरवेपणा पुरता गेलेला नसतो. भाऊबिजेपर्यंत बहुतेक कुटुंबं घरातच असतात, खरी गर्दी त्यानंतर उसळते. बहिणीकडे जाणं आदल्या-नंतरच्या दिवशी जमवता आलं, तर दिवाळीचे सुरुवातीचे दिवस फिरायला सगळ्यात मोकळे.

त्याच रस्त्याने पुढे आळेफाटा, मग अकोले तालुक्यातलं भंडारदरा. एकूण पावणेदोनशे किमीच्या आसपास, त्यामुळे दोन मुक्काम हवेतच. विल्सन धरण, रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर आणि समोर १,६४६ मीटरचं कळसूबाई, राज्यातलं सर्वात उंच शिखर. मेच्या शेवटी पावसाच्या तोंडावर इथे काजवे चमकतात. अलीकडे त्यालाही झुंबड असते. शनिवार-रविवार सोडून जा, गाडीचे दिवे आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा. काजवे उजेडात चमकणं थांबवतात, मग बघायला काही उरत नाही.

समुद्र हवा असणाऱ्यांसाठी ताम्हिणीतून माणगावमार्गे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. घाट सुंदर आहे, पण माणगावच्या बाजारात मुंबई-गोवा महामार्गाची गर्दी आडवी येते. तिथून सकाळी आठच्या आत पुढे सरकलेलं बरं.

लोणावळा गाडीने नको

सुट्टीत लोणावळ्याला गाडी नेणं हा तळेगावकरांनी सोडून द्यावा असा हट्ट आहे. आपल्या स्टेशनवरून लोकल आहे. मळवलीला उतरलात तर भाजे लेणी चालत जाण्याइतकी जवळ. परतीला कोंडी नाही, पार्किंग नाही. दुपारच्या वेळेत लोकल विरळ असतात, तेवढं वेळापत्रक बघून निघा.

पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या काही कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. एरवी ती नकोशी वाटते, पण शाळेच्या सुट्टीत तीच कामाला येते. गुरुवारी गेलात तर खोली शनिवारपेक्षा स्वस्त मिळायची शक्यता जास्त, आणि रस्ताही तुमचा.

बुकिंग आणि पाणी

इन्स्टाग्रामवर स्विमिंग पूलवाला बंगला निम्म्या भावात दिसला आणि 'आत्ताच अर्धे पैसे पाठवा' असा मेसेज आला, तर थांबा. सुट्टीच्या तोंडावर असे बनावट बंगले बरेच निघतात. नकाशावर ठिकाण शोधा, तिथे दिलेल्या वेगळ्या नंबरवर फोन करा, व्हिडिओ कॉलवर खोली दाखवायला सांगा. कार्ला, माथेरान, माळशेज, भंडारदरा, महाबळेश्वर, हरिहरेश्वर इथे एमटीडीसीचे रिसॉर्ट आहेत, त्यांचं बुकिंग अधिकृत साइटवरूनच करा. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

आणि मेची सुट्टी जूनमध्ये संपते तेव्हाचं एक. १५ जून २०२५ हा सुट्टी संपतानाचा रविवार होता. तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि ४ जणांचा जीव गेला. लांबचा बेत फसला म्हणून जवळच्या जवळ नदीवर किंवा धबधब्यावर जाण्याचा मोह याच दिवसांत होतो. पाऊस सुरू झाला असेल तर पुलावर घोळका दिसताच मागे फिरा. धरणाच्या सांडव्याजवळ आणि धबधब्याखाली मुलांना नेऊ नका. वर डोंगरात पाऊस झाला की खाली काही मिनिटांत पाणी वाढतं, आणि तुमच्या डोक्यावर तेव्हा ऊनही असू शकतं.