तोंड आलं की बी-कॉम्प्लेक्स

बडोद्यातल्या कारेलीबागेत औषधाच्या दुकानात ‘तोंड आलंय’ असं मराठीत सांगितलं तरी भागतं. ‘चांदां पड्यां छे?’ एवढं विचारून दुकानदार बी-कॉम्प्लेक्सची पट्टी पुढे सरकवतो. इथल्या मराठी घरांत हा उपाय आजीच्या बटव्यातला वाटावा इतका मुरलाय. पण त्या गोळीतल्या फॉलिक ॲसिडचं कूळ शोधत गेलं, तर आपण मुंबईच्या गिरण्यांपाशी पोहोचतो.

१९२८ साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरबाई भारतात आल्या. मुंबईतल्या गिरणीकामगार बायकांना गरोदरपणात जीवघेणा पंडुरोग व्हायचा. रक्तातल्या तांबड्या पेशी कमी, आणि असतील त्याही नको तेवढ्या मोठ्या. जंतूंचा संशय मागे पडल्यावर बाईंनी ताटाकडे पाहिलं. ज्यांचं जेवण सर्वांत निकस, त्याच जास्त आजारी. मग तसंच निकस अन्न माकडांना घालून त्यांनी हा आजार प्रयोगशाळेत घडवला आणि बरा केला तो मार्माइटने! बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टपासून करतात ते हे खारट, काळं चाटण. गरोदर बायकांनाही त्याचा गुण आला. १९३१ साली तसा निबंध प्रसिद्ध झाला. आत नेमकं काय आहे ते कळेपर्यंत जगाने त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हटलं. १९४१ मध्ये चार टन पालकातून ते द्रव्य, म्हणजेच फॉलिक ॲसिड, वेगळं निघालं, आणि १९४५ मध्ये येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या चमूने ते कृत्रिमरीत्या बनवलं. गोळी झाली ती त्यानंतर.

रक्ताचं औषध तोंडाला का लागू पडावं? नव्या पेशीसाठी डीएनए घडवायला फोलेट लागतं; फॉलिक ॲसिड हे त्याचंच रूप. अस्थिमज्जेत पेशी सतत तयार होतात, तशाच त्या जिभेवर आणि गालाच्या आतल्या अस्तरातही भराभर बदलतात. त्यामुळे तुटवडा असेल तर रक्त कमी होतं आणि जीभही लाल, गुळगुळीत होऊन झोंबते. आरशात दिसते म्हणून तक्रार जिभेची होते, एवढंच.

मात्र दरवेळी तोंड येतं ते जीवनसत्त्वाअभावीच असं नाही, आणि दुकानदाराच्या भरवशावर राहण्यात एक खोच आहे. शाकाहारी माणसाला अनेकदा बी-१२ कमी पडतं. त्याने नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांची हानी आतून चालूच राहते. तेव्हा तोंड पुन्हा पुन्हा येत असेल तर पट्टीआधी रक्ताची तपासणी करावी. आणि तीन आठवड्यांत न भरणारी जखम, त्यातून मावा-तंबाखू खाणाऱ्याची, थेट दंतवैद्याला दाखवावी.