धाराशिवचा मोटार-मिस्त्री आणि एअरबॅगची पेटी

धाराशिव शहरास आगगाडी फार उशिरा लाभली, ही गोष्ट येथील मोटार-मिस्त्रीच्या इतिहासात सर्वांआधी सांगितली पाहिजे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाइट, म्हणजे अडीच फुटी रुळांची ती छोटी रेल्वे, 1897 साली कुर्डुवाडीहून बार्शीस पोहोचली आणि 1911 साली लातुरास जाऊन भिडली. परंतु तिचा मार्ग येडशीवरून गेला आणि जिल्ह्याचे शहर बाजूस राहिले ते 2007-08 साली रुंदमापी मार्ग वळवून आणीपर्यंत. मधल्या काळात कचेरीची कामे, आडतीचा माल आणि तुळजाभवानीच्या नवरात्राची गर्दी या साऱ्यांचा भार रस्त्याने वाहिला, आणि रस्त्यावरच्या गाड्यांचा भार मिस्त्रीने.

हा मुलूख तेव्हा निजामाच्या अंमलाखाली होता व लोक त्यास मोगलाई म्हणत. सोलापूर इंग्रजांचे आणि तुळजापूर निजामाचे. अंतर तीस मैलांच्या आतले, पण मध्ये सरहद्द, करोडगिरीचा म्हणजे जकातीचा नाका आणि निजामाचे निराळे नाणे, हाली सिक्का. निजामाच्या रेल्वेने 1932 च्या जून महिन्यात 27 गाड्यांनिशी संस्थानात सरकारी बससेवा सुरू केली. 13 सप्टेंबर 1948 रोजी सोलापूरहून निघालेल्या भारतीय सैन्याने नळदुर्गाजवळ बोरी नदीवरील पूल शाबूत हस्तगत केला आणि चार-पाच दिवसांत संस्थानाचा कारभार आटोपला. 1956 च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि काही वर्षांनी येथील बसही एस.टी. महामंडळाच्या छत्राखाली धावू लागली. राजवटी बदलल्या, खडी-मुरुमाचे रस्ते डांबरी झाले. सुटा भाग मात्र दुरूनच यावयाचा असल्याने, आहे त्या भागातूनच गाडी चालती करणे हा या धंद्याचा धर्म होऊन बसला.

त्या धंद्याची विद्या पुस्तकी नव्हती. उस्तादाच्या हाताखाली पोऱ्याने पाने पुसण्यापासून आरंभ करावा, मग चाक, ब्रेक, गिअर, आणि हात बसला म्हणजे इंजिनास हात लावावा, अशी ती परंपरा. विजेचे काम पाहणारा वायरमन निराळा. त्याचे सारे शस्त्रागार म्हणजे दोन तारा जोडलेला एक बल्ब. तो ज्या टोकाशी पेटेल तेथवर वीज आली आणि विझेल तेथे तार तुटली, हे वायरमन सहज सांगे. या विद्येला प्रमाणपत्र नव्हते, तरी तिला एक निःसंशय कसोटी होती, ती म्हणजे ट्रायल. दुरुस्त झालेली गाडी येडशीच्या घाटात चढवावी, उतारावर ब्रेक दाबून पाहावा आणि मालकास शेजारी बसवून परत आणावी. काम साधले की फसले, याचा निवाडा तासाभरात होई.

ही कसोटी जेथे चालत नाही अशी पहिली वस्तू या मिस्त्रीच्या हाती आली ती एअरबॅगची पेटी होय, असे माझे मत आहे.

एअरबॅगची कल्पना जुनी. अमेरिकेत जॉन हेट्रिक यास आणि जर्मनीत वॉल्टर लिंडरर यास, दोघांसही तिचे पेटंट 1953 सालीच मिळाले. पण धडक ओळखणारे विश्वासू यंत्र हाती नसल्याने ती बरीच वर्षे कागदावर राहिली. आपल्याकडे 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारीत चालकासाठी आणि 2022 च्या आरंभापासून शेजारच्या आसनासाठीही ती सक्तीची झाली. ज्या पेटीच्या हुकुमाने ही पिशवी फुगते ती बहुधा गिअरच्या मागेपुढे, मधल्या उंचवट्यावर थेट गाडीच्या पत्र्याशी घट्ट आवळलेली असते आणि तिच्यावर पुढची दिशा दाखविणारा बाण असतो. कारण वेगातील आकस्मिक घट मोजणारा सूक्ष्म संवेदक तिच्या पोटात आहे, आणि पेटी सैल बसली अथवा उलटी बसली तर तो खोटी साक्ष देणार. पिशवी फुगवावी की नाही हा निर्णय होतो तो सेकंदाच्या काही सहस्रांशांत. पापणी लवण्यास याहून अधिक वेळ लागतो.

बिघाड शोधण्याची रीत पाहण्याजोगी आहे. समोरचा एअरबॅगचा लाल दिवा विझत नाही, अशी तक्रार घेऊन गाडी येते. जाणता मिस्त्री दोषाचा कोड वाचणारा स्कॅनर लावण्याआधी हॉर्न वाजवून पाहतो. तोही मुका असेल तर दोष पेटीत नसून स्टिअरिंगखालच्या क्लॉक स्प्रिंगमध्ये, म्हणजे चाकाबरोबर गुंडाळत-उलगडत राहणाऱ्या चपट्या तारेच्या पट्टीत असण्याचा संभव अधिक. आसनाखालचा पिवळा कपलर सामान ठेवताना ओढला जाऊन ढिला झालेला असतो, हेही वारंवार आढळते. बॅटरीची तार काढून काही मिनिटे थांबावयाचे, कारण अपघातात बॅटरी तुटली तरी पिशवी फुगावी म्हणून पेटीतील कपॅसिटर वीज साठवून ठेवतो. मग पिशवी सोडवून तिच्या जागी दोन-अडीच ओहमचा रेझिस्टर जोडावयाचा, बॅटरी पुन्हा लावावयाची आणि कोड जातो का ते पाहावयाचे. गेला तर दोष पिशवीकडचा, राहिला तर तारेचा किंवा पेटीचा. ही तर्कपद्धती वायरमनच्या बल्बाचीच. फक्त तो बल्ब येथे वर्ज्य, कारण त्यातून जाणारी वीज पिशवीतील दारू पेटवावयास पुरेशी असते.

अपघातानंतरची गोष्ट निराळी. पिशवी फुटली की पेटी त्या धडकेची नोंद आपल्या स्मृतीत कायम करते आणि पुढे काम करण्याचे नाकारते. कंपन्या म्हणतात पेटी नवी घाला. बाजार म्हणतो नोंद पुसून द्या. पेटी उघडून आठ पायांच्या चिपमधील मजकूर वाचावा आणि त्याजागी कोऱ्या पेटीचा मजकूर भरावा, हे काम सोल्डरिंगचा हात असलेल्यास अवघड नाही. पण दफ्तरातील एका नोंदीवर खाडाखोड केली म्हणून संवेदक शाबूत आहे, कपॅसिटर धरून राहतो, किंवा धक्क्याने एखादा टाका निखळलेला नाही, याचा दाखला मिळत नाही. आणि ट्रायल तर घेताच येत नाही, कारण पिशवीची परीक्षा एकदाच, खऱ्या धडकेत होते. त्याहून नीच प्रकार म्हणजे फुटलेल्या पिशवीच्या जागी तोच रेझिस्टर कायमचा बसवून वर झाकण चिकटविणे. शोध घेण्याचे साधन फसवणुकीचे साधन झाले, त्यात मिस्त्रीइतकाच स्वस्तात गाडी विकू पाहणारा मालकही दोषी आहे.

या जिल्ह्यास एकदाच होणाऱ्या परीक्षेचा अर्थ ठाऊक आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने सास्तूर व आसपासची गावे जमीनदोस्त केली. नंतर उभ्या राहिलेल्या भूकंपरोधक घरांचीही ट्रायल घेता येत नाही, म्हणून तेथे भिंत बांधतानाच काटेकोरपणा राखावा लागला.

पेटीच्या कामात तसा काटेकोरपणा राखला आहे की नाही हे ताडण्यासाठी जुनी मोटार घेणाऱ्याने एवढे करावे. किल्ली फिरवून इंजिन चालू न करता एअरबॅगच्या दिव्याकडे पाहावे. तो पेटला पाहिजे आणि काही सेकंदांनी, शेजारच्या दिव्यांशी जोडी न जमविता, आपला आपण विझला पाहिजे. विझला म्हणजे सारे ठीक असा अर्थ नव्हे, झाकणाची शिवण आणि आसनपट्ट्याची ओढही पाहावी. पण मुळीच पेटला नाही तर बल्ब काढलेला आहे असे समजून सौदा मोडावा.