रोनिनची कथा : पडद्यावरून ग्रंथाकडे

एखादी कथा प्रथम रंगभूमीवर किंवा पडद्यावर अवतरावी आणि मागाहून तिची कादंबरी व्हावी, हा क्रम मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकास उलटा वाटतो. मराठीत सामान्यतः कादंबरीचे नाटक होते. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ (१९८८) या कादंबरीवरून पुढे ‘रणांगण’ हे नाटक सिद्ध झाले, हे त्याचे परिचित उदाहरण होय. त्यामुळे पडद्यावरून निघालेली कादंबरी म्हणजे मूळ कृतीची केवळ पडछाया, असा ग्रह सहज होतो. हा ग्रह कितपत टिकतो, हे तपासण्यास एका जपानी योद्धाकथेचा इतिहास उपयोगी पडतो.

या कथेच्या नायकाचे नावच विचारणीय आहे. ‘सामुराई’ हा शब्द ज्या जुन्या क्रियापदापासून आला, त्याचा अर्थ ‘सेवेस हजर राहणे’ असा आहे. ‘रोनिन’ या शब्दातील पहिल्या घटकाचा अर्थ ‘लाट’ व दुसऱ्याचा ‘मनुष्य’. आरंभी जमीन सोडून परागंदा झालेल्यास लावला जाणारा हा शब्द पुढे धनी नसलेल्या सामुराईस रूढ झाला. म्हणजे एका शब्दात सेवा आहे, तर दुसऱ्यात सेवेचा लोप आहे. मराठ्यांच्या लष्करी परिभाषेत शिलेदार व बारगीर हा भेद घोड्याच्या मालकीवरून केला जाई. जपानी परिभाषेतील हा भेद धन्याच्या असण्यानसण्यावरून झाला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हा महाराष्ट्रातही असंख्य स्वार धन्यावाचून राहिले. परंतु त्या अवस्थेस मराठीत स्वतंत्र नाव पडले नाही, आणि त्या अवस्थेची स्वतंत्र कथापरंपराही निर्माण झाली नाही.

जपानात ती निर्माण झाली. १७०१ मध्ये आको संस्थानाच्या अधिपतीने एदोच्या किल्ल्यात एका दरबारी अधिकाऱ्यावर शस्त्र उपसले व त्याबद्दल त्यास आत्मवधाची शिक्षा झाली. त्याच्या सत्तेचाळीस रोनिनांनी १७०३ च्या आरंभी त्या अधिकाऱ्याचा वध करून सूड घेतला. समकालीन घटना नावानिशी रंगभूमीवर आणण्यास बंदी असल्यामुळे, १७४८ मध्ये ओसाका येथे ही कथा बाहुल्यांच्या खेळात आली ती चौदाव्या शतकाचा पेहराव करून व पात्रांची नावे पालटून. लवकरच ती काबुकीत शिरली. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बाहुल्यांच्या खेळातील ज्या संहिता निवेदक गाऊन म्हणत, त्या छापल्या जात व विकल्याही जात. खेळ एका रात्रीचा असला तरी शब्द लोकांच्या घरी पोहोचत असे. ‘चुशिंगुरा’ पावणेतीनशे वर्षे टिकून राहण्यास हे मुद्रण मोठे साहाय्यभूत झाले.

विसाव्या शतकात आकिरा कुरोसावा याने हा योद्धा चित्रपटात आणला. त्याच्या ‘द हिडन फोर्ट्रेस’ (१९५८) या चित्रपटाचे ऋण जॉर्ज लुकास याने ‘स्टार वॉर्स’ (१९७७) च्या संदर्भात मान्य केले आहे. अशा रीतीने तलवारीचे तेजःशस्त्र झाले आणि जपानी कथा परक्या वेषात अंतराळात गेली. ती मायदेशी परतली २०२१ मध्ये. त्या वर्षीच्या सप्टेंबरात सात जपानी चित्रसंस्थांनी केलेल्या नऊ लघुपटांची ‘स्टार वॉर्स : व्हिजन्स’ ही अ‍ॅनिमेशन मालिका प्रसिद्ध झाली. तिच्यातील ‘द ड्युएल’ या लघुपटात एक भटका योद्धा एका खेड्यात येतो, दरोडेखोरांच्या म्होरकीशी लढतो आणि निघून जातो. चित्र बहुतांशी कृष्णधवल आहे. शस्त्रांचे तेज मात्र रंगीत. पुढल्याच महिन्यात एम्मा मिएको कँडन यांची ‘रोनिन’ ही कादंबरी या लघुपटावरून निघाली.

पाव तासाच्या चित्राची कादंबरी होताना काय वाढले? केवळ प्रसंग नव्हे. पडद्यावर योद्धा फारसा बोलत नाही. त्याचे मौन हाच त्याचा प्रभाव. गद्यास मौन पुरत नाही, त्यास कारण द्यावे लागते. म्हणून कादंबरीत त्याचा भूतकाळ येतो, त्याच्याशी बोलणारा एक अदृश्य आवाज येतो, आणि पडद्यावर केवळ प्रतिस्पर्धी असलेल्या म्होरकीसही स्वतःची बाजू लाभते. पडद्याने कृती दाखविली. ग्रंथाने कृतीची जबाबदारी विचारली. अशा कृतीस पडछाया म्हणणे न्याय्य ठरत नाही.

मराठीत याच्या जवळचे उदाहरण जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या विज्ञानकथेचे आहे. १७६१ मध्ये विश्वासरावास गोळी चाटून गेली असती तर, हा तिचा प्रश्न. आणि त्या दुसऱ्या जगाचा पुरावा म्हणून तिच्यात उरते ते बखरीचे एक पान. विज्ञानकथेस आधार मिळाला तो जुन्या गद्याचा, कारण ते गद्य लिहिले गेले व जपले गेले होते. लढाई झाली एवढ्याने तिची कथा पुढच्या पिढीस मिळत नाही; कोणी तरी ती लिहून ठेवावी लागते.

हा निष्कर्ष झाडीपट्टीस विशेष लागू पडतो. लाखांदूर तालुक्यातील दिघोरी हे भंडारा जिल्ह्याच्या ज्या भातपट्ट्यात येते, तेथे धानकापणीनंतर मंडई, शंकरपट व त्यांच्या जोडीने रात्रभर चालणारी नाटके ही जुनी रीत आहे. दंडार व खडी गंमत यांतून बोली प्रत्यक्ष रंगमंचावर वावरते. ‘ण’च्या जागी येणारा ‘न’ तेथे दोष ठरत नाही, तो पात्राचा स्वभाव ठरतो. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांस पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीच्या नटाचा गौरव झाला. परंतु नटाचा गौरव म्हणजे संहितेचे जतन नव्हे. प्रयोगागणिक पालटणारे संवाद, ऐन वेळी सुचलेली कोटी, वहीत हाताने उतरलेली नक्कल, ही त्या रंगभूमीची खरी साधने होत. आणि वही हरवली की ती साधने जातात.

ओसाकाच्या बाहुल्यांचा शब्द छापला गेला, म्हणून १७०३ चा सूड २०२१ च्या अंतराळापर्यंत पोहोचू शकला. दिघोरीच्या परिसरात रात्री बोलला गेलेला शब्द सकाळी कोणी उतरून घेतला, तर उद्याच्या कादंबरीकारास तो उपलब्ध होईल. उतरून घेतला नाही, तर त्या कथेस धन्याबरोबर नावही उरणार नाही. पदव्युत्तर अभ्यासकाने संशोधनाचा विषय दूर शोधण्यापूर्वी गावातील एखादी वही मागून पाहावी, यास एवढे कारण पुरेसे आहे.