घाण्याला जुंपलेले घोडे

२००६ सालच्या यामाहा आर-सिक्सच्या माहितीपत्रकात ताकद छापली होती १२७ पीएस. गाडी पळताना नाकातून घुसणाऱ्या वाऱ्याचा दाब, म्हणजे रॅम एअर, जमेस धरला तर १३३. तीच गाडी डायनोवर, म्हणजे चाकाशी ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवली की मागच्या चाकाशी १०५ ते ११० हॉर्सपॉवरच्या घरात आकडा यायचा. सहाशे सीसीच्या सगळ्याच स्पोर्ट बाइकची कमीअधिक हीच गत. मधले पंधरा-वीस घोडे कुठे जातात, हे शोधायला मी निघालो. कंपनी फुगवून सांगते आणि डायनो खरं बोलतो, अशी माझी पक्की समजूत होती.

कंपनीच्या बाजूचा हिशेब लवकर लागला. कंपनी क्रँकशाफ्टशी मोजते. गिअरबॉक्स, चेन आणि टायर आपापला वाटा खाऊन उरलेलं चाकाला देतात. डायनोच्या बंद खोलीतल्या पंख्याने रॅम एअर मिळत नाही, त्यामुळे १३३ तिथे दिसणारच नाहीत. फुगवटाही कधीकधी असतोच. याच आर-सिक्सची १७,५०० आरपीएमची लाल रेषा जाहिरातीत गाजली होती. काटा हजाराहून जास्त आरपीएम वाढवून दाखवतो हे नंतर यामाहाला मान्य करावं लागलं आणि नाराज ग्राहकांकडून गाड्या परत विकत घेण्याची तयारी दाखवावी लागली.

माझी समजूत मोडली ती डायनोच्या बाजूने. मोडली एका जुन्या गाडीने: १९८५ची यामाहा व्ही-मॅक्स.

डायनोवर गाडी कशी बसवतात ते पाहण्यासारखं असतं. पुढचं चाक शिकंज्यात धरतात, दोन्ही बाजूंनी पट्टे आवळतात, मागचं चाक एका जड पोलादी रोलरवर टेकवतात. वरच्या गिअरमध्ये रेस पूर्ण पिळली की रोलर घुमू लागतो. त्याचं जडत्व ठाऊक असतं. तो किती वेळात किती वेग घेतो ते मोजलं की ताकद काढता येते. पण त्याच वेळी क्रँकशाफ्ट, क्लच, गिअर आणि खुद्द चाकही वेग घेत असतं. त्यांना फिरवण्यात खर्च झालेली ताकद रोलरला दिसत नाही. ती किती धरायची?

इथे मार्क डोबेक हा माणूस येतो. अमेरिकेत मोंटानात त्याची डायनोजेट ही कंपनी, कार्ब्युरेटरच्या जेट किट विकणारी. आपल्या किटने ताकद वाढते हे गिऱ्हाइकाला दाखवायला त्याला यंत्र हवं होतं. हकिकत अशी सांगतात की, व्ही-मॅक्स चढवल्यावर निव्वळ गणिताने उत्तर आलं नव्वदच्या आसपास. यामाहाचा दावा होता १४५चा. नव्वद कुणालाच पटेना. शेवटी या गाडीचे चाकाशी १२० धरायचे असं ठरलं आणि त्या बेताने यंत्राचं सूत्र बसवलं गेलं. पुढे तेच यंत्र जगभरच्या वर्कशॉपांत पोचलं.

हे वाचलं त्या दिवशी मी जुनी मासिकं मिटून ठेवली. १४५चे १२० म्हणजे सतरा टक्के घट. ‘चाकापर्यंत पंधरा-सतरा टक्के जातातच’ हे गॅरेजमधलं शहाणपण आपण डायनोवरून शिकलो असं मानत होतो. माझं मत असं की ते शहाणपण डायनोच्या पोटात आधीच घातलेलं होतं. यावर जाणकार म्हणतील की दुसऱ्या बनावटीच्या, ब्रेक लावून मोजणाऱ्या डायनोंवरही घट दिसते. दिसते, हे मला मान्य आहे. पण ते डायनो बहुधा आणखी कमी आकडा देतात आणि लोक त्यांनाच ‘कंजूष’ म्हणतात. मापदंड कुठला झाला, हे त्या एका शब्दावरून कळतं.

विकणाऱ्यानेच मोजपट्टी करावी, आणि तिच्यात एक आकडा मोजलेला आणि एक मानलेला असावा, हे यापूर्वीही एकदा घडलं होतं. तिथूनच तर हॉर्सपॉवर जन्मली.

जेम्स वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन खाणींना वाफेचे पंप देत, तेव्हा जुन्या न्यूकोमेन इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल त्याचा तिसरा हिस्सा घेत. पण बिअरवाले आणि गिरणीवाले यांच्याकडे जुनं इंजिन नव्हतंच. त्यांच्याकडे घोडे होते, आपल्याकडच्या घाण्याच्या बैलासारखे गोल फिरणारे. त्यांना किंमत सांगायची तर ती घोड्यांतच सांगायला हवी.

एक गोष्ट पाठ्यपुस्तकांतून सर्रास सांगतात. वॉटने खाणीतली तट्टं पाहिली, एका तट्टाचं काम मिनिटाला २२,००० फूट-पौंड भरलं, घोडा दीडपट धरला आणि ३३,००० झाले. मला ही गोष्ट अजिबात पटत नाही. उत्तर फारच गोल निघतं. स्मीटन या इंजिनिअरने घोड्यासाठी २२,९१६ हा आकडा दिला होता. माझ्या अंदाजाने तोच पुढे तट्टाच्या गळ्यात बांधला गेला असणार.

दुसरी हकिकत ओबडधोबड आहे आणि म्हणूनच खरी वाटते. १७८२च्या सुमारास बिअरच्या कारखान्यातला घोडा १२ फूट त्रिज्येच्या रिंगणात तासाला १४४ फेरे घालत होता. त्याची ओढ धरली १८० पौंड. गुणाकार आला ३२,५७२, तो सोयीसाठी ३३,००० केला. फेरे मोजले, १८० पौंड मानले. डोबेकने रोलर मोजला, बाकीचं मानलं.

वॉटने घोडा मुद्दाम तगडा धरला, म्हणजे गिऱ्हाइकाची तक्रार येणार नाही, असं म्हणणारेही आहेत. पण डेझाग्युलिए या शास्त्रज्ञाने त्याआधी ४४,००० सुचवले होते. फसवायचंच किंवा खूश करायचंच तर दोन्ही टोकं हाताशी होती. १९९३ साली ‘नेचर’मध्ये घोड्याची क्षणिक ताकद जवळजवळ पंधरा हॉर्सपॉवरपर्यंत जाते असं गणित आलं, आणि दिवसभराच्या कामाला साधारण एकच. वॉटचा घोडा दिवसभर राबणारा होता.

मग आर-सिक्सवरचा पीएस कुठला? तो वॉटचा नव्हेच. ७५ किलो वजन सेकंदाला एक मीटर उचलणारा हा मेट्रिक घोडा, वॉटच्या घोड्याहून दीड टक्क्याने हलका. फ्रेंच त्याला ‘वाफेचा घोडा’ म्हणतात, जर्मन लोकांनी त्याला पीएस केलं. जपानीत तो ‘फुत्सु-बारिकी’, फ्रेंच घोडाबळ. गंमत अशी की फ्रान्ससाठी जपानीत जे चित्राक्षर वापरतात तेच बुद्धासाठीही आहे. म्हणजे इंग्लंडचा घोडा फ्रान्समध्ये बारीक झाला, जपानात बुद्धाच्या अक्षराखाली नोंदला गेला आणि १२७ पीएसची गाडी इंग्रजी घोड्यांत १२५ची भरली. जपानी कंपन्यांनी आपसात ताकदीची मर्यादाही घालून घेतली होती. एके काळी तिथल्या चारशे सीसीच्या गाड्या कंपनी कुठलीही असो, नेमक्या ५९ पीएसवर येऊन थांबत.

आपल्याकडे पुस्तकात अश्वशक्ती आणि विहिरीवर ‘पाचची मोटर, साडेसातची मोटर’. इथे उलटं घडतं. मीटर नसलेल्या शेतीपंपाचं बिल हॉर्सपॉवरवर येतं, म्हणून पाटीवरचा आकडा आतल्या जोरापेक्षा लहान ठेवण्याकडे कल असतो. २०२४च्या मोफत वीज योजनेची मर्यादाही साडेसात हॉर्सपॉवरच्या पंपापर्यंतच आहे. शोरूममधला घोडा फुगतो, बांधावरचा आकसतो.

मागच्या उन्हाळ्यात एका नातेवाइकाच्या विहिरीवर उभा होतो. मोटरच्या पाटीवर पाच. वायरमनने स्टार्टर दाबला, पाणी पाइपच्या तोंडाशी येईपर्यंत थांबला आणि एका फेजच्या वायरभोवती टाँग टेस्टरचा जबडा लावला. पाचच्या मोटरने सात-आठ अँपिअर घ्यावेत. काटा अकराच्या जरा अलीकडे स्थिरावला. ‘साडेसात,’ तो म्हणाला. पाटीकडे त्याने पाहिलंही नव्हतं.