यक्ष, आसरा आणि देवचार : स्थळदेवतांचा मागोवा

परी हा शब्द आज मुलांच्या कानी पडतो तो चित्रांच्या पुस्तकांतून. पाठीला पातळ पंख, हाती चांदणीची काठी आणि उंची वीतभर, असे तिचे रूप सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. हे रूप फार जुने नाही. युरोपातील रंगभूमीने आणि चित्रकारांनी गेल्या दोन-अडीचशे वर्षांत ते घडविले. शब्द मात्र आपल्याकडे फारशीतून आला असून त्याचे मूळ अवेस्तातील 'पइरिका' या शब्दात आहे. अवेस्तातील पइरिका ही माणसाला भुलवून कुमार्गाला लावणारी दुष्ट शक्ती होय. तीच पुढे इराणी काव्यात लावण्याची पराकाष्ठा ठरली आणि उर्दू-दख्खनीच्या वाटेने मराठीत आली. पोर्तुगीज भाषेतील 'फादा' हा तिचा प्रतिशब्द निराळ्या कुळातला आहे. तो लॅटिन 'फातुम्' म्हणजे विधिलिखित या शब्दापासून निघाला, आणि 'फादु' नावाच्या गाण्याचे मूळही तेच.

एखादा शब्द खालून वर चढतो आणि दुसरा वरून खाली घसरतो, तेव्हा त्यामागे पुष्कळदा एका देवतेचे नशीब बदललेले असते. आपल्या देवालयांच्या प्राकारात, पाणवठ्यावर आणि गावाच्या शिवेवर ज्या लहानसहान देवता अजून बसलेल्या आहेत, त्यांचा इतिहास बराचसा अशा शब्दांतूनच वाचावा लागतो. त्यांच्यासाठी कोणी पुराण रचले नाही. येथे लहान म्हणजे अंगाने लहान असाच अर्थ घ्यावयाचा नाही. काही खरोखर अंगठ्याएवढे आहेत आणि काही माडाएवढे. लहान आहे तो त्यांचा मान.

त्यांत सर्वांत जुना यक्ष. केनोपनिषदात असुरांवर विजय मिळवून गर्वाने फुगलेल्या देवांपुढे यक्षरूपाने काहीतरी प्रकटते. अग्नीला त्याच्यापुढची एक काडी जाळता येत नाही, वायूला ती हलविता येत नाही. इंद्र पुढे होतो तो ते नाहीसे होते, आणि ते कोण होते हे त्याला हैमवती उमेकडून कळते. वनपर्वातील यक्ष तळ्याचा स्वामी आहे. हे पाणी माझे, माझ्या प्रश्नांची उत्तरे दे आणि मग पी, एवढेच त्याचे म्हणणे. नकुल, सहदेव, अर्जुन आणि भीम हे चौघेही ते न ऐकता पाणी पितात आणि कोसळतात. या कथेचा तात्त्विक भाग सर्वश्रुत आहे, परंतु तिच्या मुळाशी एक साधा ग्रामाचार दिसतो : पाण्याला धनी असतो आणि त्याला विचारल्यावाचून ते घ्यावयाचे नसते.

शिल्पात यक्षाला प्रथमपासून मोठे स्थान होते. अलेक्झांडर कनिंगहॅम यांना १८७३ साली मध्य भारतात भारहुतचा स्तूप सापडला. त्याच्या कठड्यावरील यक्ष-यक्षींच्या मूर्तींखाली त्यांची नावे कोरलेली आहेत. कुबेरही तेथे देव म्हणून नव्हे, यक्ष म्हणूनच उभा आहे. सांचीच्या पश्चिम तोरणावर बुटके, ढेरपोटे यक्ष खांबांच्या माथ्यावर तुळयांचा भार पेलीत उभे आहेत. महाराष्ट्रात कन्नड तालुक्यातील पितळखोरे लेण्यांत सापडलेला यक्ष याच जातीचा. पोट सुटलेले, चेहरा हसरा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकाच्या सुमारास घडविलेल्या या मूर्तीच्या हातावर एक लेख असून, ती कण्हदास नावाच्या सोनाराने केल्याचे त्यात नमूद आहे. आपल्या प्राचीन शिल्पकारांची नावे सहसा मिळत नाहीत. येथे एक मिळते, ते एका बुटक्या यक्षामुळे. ही मूर्ती पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेली.

शैव लेण्यांतील गण हे या यक्षांचे वारस मानावयास हरकत नाही. बदामीचे तिसरे लेणे शके ५०० म्हणजे इसवी सन ५७८ मधील आहे. लेणे विष्णूचे, पण त्याच्या जोत्यावर चौकटीचौकटीतून गण बसविले आहेत. कोणी नाचतो, कोणी वाद्य वाजवितो, कोणी नुसताच शेजाऱ्याची थट्टा करतो. वर मोठ्या देवांची गंभीर रूपे आणि खाली हा धांगडधिंगा. घारापुरीस गर्भगृहाच्या दारांवरील प्रचंड द्वारपालांच्या पायांशीही असे बुटके उभे आहेत. सर्व कार्यारंभी ज्याला वंदन करावयाचे तो गणपती नावानेच या मंडळींचा नायक आहे, हे मोदकांच्या गडबडीत आपण विसरतो.

अंगठ्याएवढ्यांची गोष्ट आदिपर्वात आहे आणि ती विस्ताराने सांगण्याजोगी आहे. क्रतु ऋषींचे पुत्र वालखिल्य हे साठ हजार, प्रत्येक जण अंगठ्याच्या पेराएवढा. कश्यपाच्या यज्ञासाठी समिधा आणण्याचे काम सर्वांकडे आले. इंद्र पर्वताएवढी मोळी सहज उचलून निघाला. वाटेत वालखिल्य सर्व मिळून पळसाच्या पानाचा एक देठ वाहून नेत होते. गाईच्या खुराने पडलेल्या खळग्यात पाणी साचले होते, त्यात ते बुडू लागले. इंद्र हसला आणि त्यांना ओलांडून पुढे गेला. त्या अपमानाने ते संतापले आणि दुसरा इंद्र निर्माण करण्यासाठी त्यांनी यज्ञ मांडला. शेवटी कश्यपाला मध्ये पडावे लागले. ब्रह्मदेवाने नेमलेला इंद्र मोडता येत नाही आणि या चिमुकल्यांचा संकल्पही फुकट जाऊ देता येत नाही, म्हणून निर्माण झालेला दुसरा इंद्र पक्ष्यांचा झाला. तोच गरुड. विष्णूच्या पुढे हात जोडून बसणाऱ्या गरुडाचा जन्म साठ हजार बुटक्यांच्या रागातून झाला आहे. पुढे अमृत आणावयास निघालेल्या गरुडाच्या भाराने वडाची फांदी मोडते, तिला हेच वालखिल्य उलटे लोंबकळत तप करीत असतात. त्यांना इजा होऊ नये म्हणून तो ती फांदी चोचीत धरून हिंडत राहतो. इंद्राला जे सुचले नाही ते पक्ष्याला सुचले.

आता पाण्याकडे वळू. अप्सरा ही इंद्रसभेची नर्तकी होण्यापूर्वी जलचारिणी होती, हे तिच्या नावातच आहे. महाराष्ट्रातील विहिरी-नद्यांवर बसणाऱ्या साती आसरा या तिच्याच बहिणी. 'अप्सरा' शब्दाचेच ते लोकरूप. पाण्याच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड आणि पुढे हळदकुंकू, खण, हिरव्या बांगड्या. भर दुपारी एकट्या तरुणीने तेथे जाऊ नये, बाळंतिणीने तर नाहीच, असा दंडक. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात अशा मातृदेवतांची ठाणी जुन्या वाटांच्या मिलनस्थानी कशी सापडतात, हे पायपीट करून दाखविले. साखवाळच्या या घराण्याने पाली ग्रंथ आणि रानातले दगड दोन्ही सारख्याच आदराने वाचले. पोर्तुगालातही झऱ्यांवर आणि पडक्या गढ्यांत 'मोउरा' राहतात अशी लोकसमजूत आहे. त्या मंतरलेल्या स्त्रिया सोन्याच्या फणीने केस विंचरतात आणि पुरलेल्या धनाची राखण करतात. लेइत द व्हाश्कोंसेलुश यांनी १८८२ साली अशा परंपरांचा संग्रह छापला. तिकडील राज्यकर्ते येथे आले तेव्हा पाण्याच्या धनिणी त्यांना अगदीच अनोळखी नव्हत्या.

शब्द घसरतात असे वर म्हटले. यक्षिणीची मराठीत जखीण झाली आणि ती घराला लागू लागली. जाखाई-जोखाई या नावांत मात्र तिचे देवीपण शिल्लक राहिले. गोमंतकात हेच देवचाराच्या वाट्याला आले. देवचार म्हणजे वाड्याचा, बागायतीचा, शिवेचा राखणदार. खांद्यावर कांबळ, हाती दांडा, पायी वाहाणा. रात्री त्याच्या दांड्याचा आवाज ऐकू येतो, वाट चुकलेल्याला तो घरापर्यंत पोचवितो, आणि त्याबद्दल त्याला रोट, केळी, विडी आणि क्वचित मद्य मिळते. हाच शब्द ख्रिस्ती धर्मोपदेशाच्या कोकणीत सैतानाला लावण्यात आला. अर्थ फिरला तरी आचार पुरता फिरला नाही. राखणदाराच्या जागी मेणबत्ती लावणारे ख्रिस्ती शेजारी आजही आढळतात.

हा भेद समजण्यासाठी सोळाव्या शतकाकडे पाहावे लागते. १५१० साली तिसवाडी आणि १५४३ साली बार्देश व साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात गेल्यावर देवालये मोडण्याचे सत्र सुरू झाले. महाजनांनी देव उचलले आणि अंत्रुजात नेले : कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. प्रत्येक महाजन घराण्यात हा इतिहास पाठ आहे. परंतु पालखी मोठ्या देवांना असते. शिवेवरचा दगड, तळीवरच्या आसरा आणि वडाखालचा देवचार यांना बहुतांशी कोणी नेले नाही, आणि नेता आलेही नसते. त्यांचे देवपण त्या जागेचेच होते.

त्यांची आठवण कागदावर राहिली ती एका विचित्र कारणाने. मोडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवावयाचे, तर जमीन कोणत्या देवाची हे लिहून ठेवणे भाग होते. म्हणून त्या याद्यांत शांतादुर्गा, सांतेर, रवळनाथ यांच्या शेजारी बेताळ, खेत्रपाळ, ग्रामपुरुष अशी नावे येतात. ज्यांना पुराणकारांनी वगळले त्यांना महसुलाच्या कारकुनांनी जिवंत ठेवले. रुय गोमिश पेरेर यांनी १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ही नावे गावागणिक मांडली असून, प्रत्येक महाजन घराण्याने आपल्या मूळ गावापुरते तरी ते पान उघडून पाहावे. साष्टीतील बेताळभाटी या गावाचे नाव तर आजही बेताळाचेच आहे.

पुढे अंत्रुजही १७६३ साली पोर्तुगीजांकडे गेले. १८८६ साली सरकारने महाजनींसाठी नियम केले आणि १९३३ साली ते नव्याने बांधले. देवाचे दागिने, जमिनी, उत्सव, मानकरी यांची व्यवस्था लागली. राखणदाराच्या रोटाला आणि विडीला मात्र अंदाजपत्रकात रकाना सापडत नाही. तो खर्च पिढ्यानपिढ्या कोणाच्या तरी पदरचा असतो, आणि तो माणूस गेला की आचार खंडित होतो.

हल्ली दुसरेच संकट आहे. श्रद्धेच्याच पोटी आडव्या दगडावर घुमटी बांधली जाते, तिला लाद्या लागतात, आणि एखाद्या वर्षी राखणदाराचे नाव जाऊन तेथे मोठ्या देवाचा फलक लागतो. दगडाचा मान वाढला असे वाटते. परंतु भोवतालची झाडे तोडल्यावर आणि झऱ्याचे तोंड सिमेंटने बांधल्यावर राखण करावयाचे काय उरते? खाणींनी जेथे डोंगर कापले तेथे झरेही आटले.

याउलट सत्तरी महालात बांबर येथे निरंकाराची राई आहे. बारमाही ओलाव्यात रानजायफळाची झाडे आपली गुडघ्यासारखी वाकलेली मुळे पाण्याबाहेर काढून उभी आहेत. अशी दलदलीची राने पश्चिम घाटात फार थोडी उरली. शास्त्रज्ञ तेथे येऊन नोंदी करून जातात. पण ते येण्यापूर्वी शतकानुशतके त्या रानाला कुऱ्हाड लागली नाही, ती निरंकाराच्या धाकाने. त्याच महालात केरी येथे आजोबाची राई आहे. देवाला आजोबा म्हणण्यात जी जवळीक आहे ती मोठ्या देवांच्या सहस्रनामांत सापडावयाची नाही.

गोव्याच्या शिवेपलीकडे वेंगुर्ले तालुक्यात आरवलीचा वेतोबा आहे. नवस फेडावयाचा तो केळ्यांच्या घडांनी आणि चामड्याच्या मोठाल्या वाहाणांनी. रात्री तो गावाची फेरी घालतो आणि वाहाणा झिजतात, अशी भक्तांची श्रद्धा. देवळात ओळीने मांडलेल्या त्या जोड्या पाहावयास मुंबईपासून माणसे येतात, आणि नवा नवस झाला की चांभाराकडे पुन्हा तोच जुना अवाढव्य माप चढतो.