इंग्रजीच्या शिक्षकाचें शिक्षण



ज्याला पोहतां येतें त्याला दुसऱ्यास पोहावयास शिकवितां येतेंच असें नाहीं, हें नदीकांठच्या कोणत्याही गांवांत सर्वांस ठाऊक असतें. परंतु ज्याला इंग्रजी येतें त्याला तें शिकवितांही येतें, असें मात्र आपल्या देशानें कित्येक वर्षें खुशाल गृहीत धरलें. हें गृहीत कसें डळमळलें, आणि ‘इंग्रजी कसें शिकवावें’ हा विद्यापीठांत निवडून शिकण्याचा एक स्वतंत्र विषय कसा झाला, याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

१८३५ सालीं मेकॉलेच्या टिपणानंतर बेंटिंकचा ठराव झाला आणि सरकारी पैसा इंग्रजी विद्येकडे वळला. शिक्षक तयार करणाऱ्या संस्था हव्यात, हें १८५४ च्या वुडच्या खलित्यांत स्पष्ट सांगितलें होतें. १८५७ सालीं मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें विद्यापीठें निघालीं. तथापि १८८२ च्या हंटर कमिशनच्या वेळीं साऱ्या हिंदुस्थानांत दुय्यम शाळांच्या शिक्षकांकरितां संस्था होत्या त्या दोनच. एक मद्रासेस व दुसरी लाहोरास. लॉर्ड कर्झनच्या १९०४ च्या ठरावानें या कार्यास जोर आला, आणि १९०६ सालीं मुंबईस सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज स्थापन झालें.

तोंवर बहुतेक ठिकाणीं पदवी हातीं आली कीं मनुष्य मास्तर होई. आपल्याकडे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घ्यावी, मराठी वाक्याचें इंग्रजी व इंग्रजीचें मराठी करावें, नियम पाठ करावे, हाच राजमार्ग. त्या पाठमालेनें महाराष्ट्रांतील कित्येक पिढ्यांस इंग्रजीची वाट दाखविली; तें ऋण नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु हेंच वाक्य आधीं कां, हा शब्द आजच कां, असा प्रश्न शिकविणाऱ्यास पडण्याचें प्रयोजनच उरत नसे.

पुढें शिक्षकांसाठीं बी. टी.ची पदवी रूढ झाली. तिच्या अभ्यासक्रमाची सर्वसाधारण ठेवण मोठी सूचक आहे. शिक्षणाचीं तत्त्वें, मानसशास्त्र, शाळेची व्यवस्था हे विषय सर्वांस सारखे. आणि शालेय विषयांपैकीं एकदोन विषयांची विशेष अध्यापनपद्धति मात्र ज्यानें त्यानें निवडावयाची. कोणी गणित घेई, कोणी इतिहास, कोणी इंग्रजी. अशा रीतीनें इंग्रजीचें अध्यापन हा ऐच्छिक विषय बनला. पण विषयाला नांव मिळालें म्हणजे त्यांत सांगण्यासारखें कांहीं असतेंच असें नाहीं. तो आशय ज्यांनीं पुरविला त्यांत दोन नांवें अग्रगण्य आहेत.

पहिलें नांव हॅरल्ड पामर यांचें. १९१५ पासून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत शिकवीत होते. भाषा शिकविण्याच्या शास्त्रावरील त्यांचा ग्रंथ १९१७ सालीं निघाला. १९२२ सालीं ते जपानास गेले, आणि दुसऱ्याच वर्षीं टोकियोस इंग्रजीच्या अध्यापनाचें संशोधन करणारी संस्था त्यांच्या नेतृत्वाखालीं उभी राहिली. आधीं कानानें ऐकावें, मग मुखानें बोलावें आणि त्यानंतर पुस्तकाकडे वळावें, हा त्यांचा आग्रह.

दुसरें नांव मायकेल वेस्ट यांचें, आणि त्यांची प्रयोगशाळा आपल्याच देशांत होती. ढाक्याच्या टीचर्स ट्रेनिंग कॉलेजचे ते प्राचार्य होते. बंगालमधील द्विभाषिकत्वावरचा त्यांचा ग्रंथ १९२६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील मुख्य विचार विमेवाल्यांच्या परिभाषेंतून घेतलेला आहे. विम्याचे हप्ते मध्येंच थांबविले तर जी रक्कम परत मिळते, तिला समर्पण-मूल्य म्हणतात. वेस्ट यांचा प्रश्न असा, कीं जो मुलगा अभ्यासक्रम पुरा न करतांच शाळा सोडतो, त्याच्या पदरांत कोणतें समर्पण-मूल्य पडतें? त्यांनीं पाहिलें तें असें, कीं फार मोठ्या संख्येनें मुलें अर्ध्यावरच शाळा सोडीत, आणि त्या अर्धवट इंग्रजीचा त्यांना पुढें कसलाच उपयोग होत नसे.

म्हणून वेस्ट म्हणत, वाचनास अग्रमान द्या. बोलण्यास दुसरा मनुष्य लागतो. वाचन एकट्यालाही वाढवितां येतें. मग त्यांनीं प्रचलित वाचनमाला तपासल्या. पानोपानीं नव्या शब्दांची इतकी दाटी, कीं मुलाला अर्थ लावण्यापलीकडे वाचनाचा आनंद मिळूंच नये. तेव्हां त्यांनीं ‘आइल’ सारख्या काव्यांतल्या शब्दाच्या जागीं नित्याचा ‘आयलंड’ घातला, आणि नवे शब्द विरळ करून पुनःपुन्हां भेटतील अशी योजना केली. त्यांतूनच त्यांच्या ‘न्यू मेथड’ वाचनमाला जन्मास आल्या.

कानाचा कैवारी आणि डोळ्याचा कैवारी असे हे दोघे १९३४ सालीं न्यू यॉर्कच्या कार्नेगी परिषदेंत एकत्र आले. शिकणाऱ्यास कोणते शब्द आधीं द्यावे, हा तेथील प्रश्न. १९३६ सालीं तिचा अहवाल निघाला, आणि वेस्ट यांनीं सिद्ध केलेली सुमारें दोन हजार शब्दांची सुधारलेली यादी १९५३ सालीं प्रसिद्ध झाली. १९४१ सालीं अमेरिकेंत मिशिगन विद्यापीठांत, १९५७ सालीं एडिंबरो विद्यापीठांत आणि १९५८ सालीं आपल्याकडे हैदराबादेस या विषयाचीं स्वतंत्र पीठें उभीं राहिलीं. हैदराबादची ती संस्था आज इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ या नांवानें ओळखली जाते.

या इतिहासांत एक विसंगति दडलेली आहे, आणि तिच्याकडे लक्ष वेधावें हा माझा हेतु. ‘इंग्रजीचें अध्यापन’ हा विषय शिक्षकाला ऐच्छिक होता. विद्यार्थ्याला इंग्रजी मात्र बहुधा ऐच्छिक नव्हतें. २००० सालीं महाराष्ट्रानें पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू केलें. खेड्यांतल्या मुलालाही धनिकाच्या मुलाइतकीच संधि मिळावी, हा त्यामागचा हेतु स्तुत्यच होता. पण प्राथमिक शाळेंत एकच गुरुजी बहुधा सर्व विषय शिकवितात. ज्यांनीं आयुष्यांत कधीं इंग्रजीचें अध्यापन निवडलें नव्हतें, त्यांच्याही हातीं तें पुस्तक आलें. निवड दुसऱ्यानें केली आणि भार त्यांच्यावर पडला. वर्गांत अडखळणाऱ्या अशा गुरुजींस हंसणें सोपें आहे. पण दोष त्यांचा नव्हे.

ऐच्छिक विषय नकोत असें मला म्हणावयाचें नाहीं. आवडीनें निवडलेल्या विषयांत मनुष्य खोल जातो. पामर आणि वेस्ट हेही आवडीनेंच खोल गेले. परंतु जें मुलांस सक्तीचें केलें, तें शिकविण्याची विद्या शिक्षकाच्या मर्जीवर वा दैवावर सोडणें न्यायाचें होणार नाहीं. शिक्षकाचा अभ्यासक्रम आंखणाऱ्यांनीं ढाक्याच्या त्या प्राचार्यांचा प्रश्न सतत समोर ठेवावा: जें मूल उद्यां शाळा सोडील, त्याच्या हातीं आज आपण काय दिलें?